काच गळत नव्हती

मित्रांनो, अकोल्याहून वाशिमकडे जाताना मेडशी गाव लागतं. गाव सुरू होताच डाव्या हाताला एक पिवळं स्लॅबचं घर आहे. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीत मी बसलेली असते. माझ्या वरच्या कडेला लाल अक्षरांत लिहिलं आहे, ‘हात व डोके बाहेर काढू नये’. घराच्या खिडकीवर असली सूचना वाचून येणारे-जाणारे हसतात. हसू द्या. मी मोडीत निघालेल्या एका एसटीची जुनी काच आहे, आणि आज जी गोष्ट सांगणार आहे तिच्या शेवटी मी जिंकते. हे आधीच सांगून टाकलं, कारण माझ्या पोटात काही लपून राहत नाही. आरपार दिसतं सगळं.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून मला घडवलं, मग पुन्हा लालबुंद तापवलं आणि दोन्ही अंगांनी गार वाऱ्याचे झोत सोडले. तेव्हा जीव नकोसा झाला होता, पण त्या घटकेला जो कणखरपणा आला तो जन्मभर पुरला. माझ्यासारख्या काचेला पुढे कुणी कापू शकत नाही. कापायला जाल तर खडीसाखरेसारखे खडे हातात येतील. ज्याला मी हवी असेन त्यानं चौकट माझ्या मापाची करावी, एवढं माझं म्हणणं असतं. मला माझा हा स्वभाव फार आवडतो.

भट्टीतून निघाले ती रिसोड-अकोला गाडीच्या खिडकीत येऊन बसले. खालची, सरकणारी काच. काय दिवस होते ते मित्रांनो. बाजारच्या दिवशी केनवडला गाडी थांबली की माझ्यातून आधी टोपल्या आत यायच्या, मग रुमाल टाकून जागा धरली जायची आणि माणसं सर्वांत शेवटी दारातून यायची. लग्नसराईत नवऱ्या मुली माझ्यावर कपाळ टेकून रडायच्या आणि पुढचं गाव येईपर्यंत केस नीट करण्यासाठी माझाच आरसा करायच्या. मला जोरात सरकवणारे कितीतरी झाले, पण मी खळखळ वाजत चालत राहिले. ‘या गाडीची ही एकच खिडकी लागते धड,’ असं एकदा कंडक्टर म्हणाला होता. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ती नीट ऐका, पुढे तिचंच काम पडणार आहे. हिवाळ्यात पहिली गाडी निघायची तेव्हा बाहेर गारठा आणि आत माणसं खच्चून भरलेली. सगळ्या खिडक्या बंद. जरा वेळानं आम्ही सगळ्या काचा आतून धुरकट व्हायचो, मग आमच्या अंगावरून ओघळ वाहू लागायचे. कॉलेजची पोरं माझ्यावर बोटानं नावं लिहायची. पण समोरची मोठी काच धुरकटली की माणिकराव ड्रायव्हर गाडी हळू करत आणि मागे न बघता ओरडत, “पोट्टेहो, दोन खिडक्या चार-चार बोटं उघडा बरं. तुमच्या सगळ्यायच्या श्वासाचं पानी माह्या काचेवर येऊन राह्यलं. मले रस्ता नाई दिसून राह्यला.” पोरं कुरकुरत, मफलर कानावर ओढत, पण उघडत. आणि काय सांगू, अकोल्याचा फाटा येण्याआधी समोरची काच कोरडी ठणठणीत.

माणिकरावांच्या त्या ओरडण्यातून मी माझ्या जातीचं सगळं शास्त्र शिकले. माणसाच्या श्वासात पाणी असतं, ते डोळ्यांना दिसत नाही एवढंच. चुलीवरच्या वाफेत, ओल्या कपड्यांत, अंघोळीच्या पाण्यात, सगळीकडून ते हवेत जात असतं. हवा उबदार असते तोवर ते पाणी सहज वागवते. पण ती गारठलेल्या काचेला टेकली की तिला ते ओझं पेलवत नाही, आणि ती ते माझ्या अंगावर टाकून मोकळी होते. म्हणजे पाणी माझं नसतं. बाहेरून आलेलं नसतं. ते आतल्याच माणसांचं असतं.

डोकं माझ्यावर टेकवून अकोल्यापर्यंत घोरणारा एक पोरगा त्या गाडीत रोज असायचा. मेडशीचा प्रसेनजित. तो आयटीआयला वायरमनचं शिकत होता, आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग माझ्यावर कायमचा होता. माणिकरावांनी हाक मारली की झोपेतच तो मला चार बोटं सरकवायचा. पुढे त्याचं शिक्षण संपलं, माणिकराव निवृत्त झाले, गाडी म्हातारी झाली आणि एक दिवस मोडीत निघाली.

मोहनसिंगच्या लोखंडी सामानाच्या दुकानामागे मी पडून राहिले. अंगावर धूळ, शेजारी गंजलेली बाकडी, समोर एक बकरी बांधलेली. ती माझ्यात स्वतःला बघून शिंगं मारायची. एवढ्या माणसांचे चेहरे पाहिलेल्या मला आता बकरीशी गाठ होती. मला फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरून एसटी गेली की आवाजावरून मी गाडी ओळखायचे.

मग प्रसेनजित तिथे आला. आता तो गावात लाइट फिटिंगची कामं करत होता आणि त्याचं नवं घर उठत होतं. त्यानं धूळ पुसली, लाल अक्षरं वाचली आणि लहान मुलासारखा हसला. मोहनसिंगनं त्याला बजावलं, की ही कापता येणार नाही, फ्रेम हिच्याच मापाची करावी लागेल. प्रसेनजित म्हणाला, करा. पाहिलंत? चौकट माझ्या मापाची झाली. मोहनसिंगनं लोखंडी पट्टीत खाच करून मला बसवलं, आणि मी पुन्हा सरकू लागले, तश्शीच खळखळ वाजत.

त्या घरात प्रसेनजितची आई भागिरथा होती, बायको रत्नमाला होती आणि रूपा नावाची लेक होती, तिला सगळ्यांत जास्त सरकवायला मीच आवडायचे. आधी याच जागी त्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर होतं. आता स्लॅब, प्लॅस्टर, टाइल्स, सगळं पक्कं. जयंतीला लावलेली निळी पताका माझ्या वरच्या खिळ्यावर वर्षभर फडफडत असे. मला वाटलं, आता सुखाचे दिवस आले. तसे ते आलेही होते, पण हिवाळ्यापर्यंतच.

इथे रत्नमालेबद्दल सांगायला हवं. त्याआधीच्या वर्षी गावात बऱ्याच जणींनी पेरलेलं सोयाबीन उगवलंच नव्हतं. दुबार पेरणी करावी लागली होती. तेव्हा रत्नमालेनं आपल्या बचत गटाच्या बायांसमोर शब्द दिला, की यंदा माझ्या वावरातलं चांगलं सोयाबीन मी बियाण्यासाठी राखते, पुढच्या पेरणीला तुम्ही सगळ्या तेच पेरा. तिनं पीक नीट वाळू दिलं. मळणी सावकाश केली, कारण सोयाबीनचं टरफल नाजूक, जरा जोरात मार बसला की बी मुकं होतं, उगवतच नाही. पोती डोक्यावरून उतरवतानाही तिनं कुणाला आदळू दिली नाहीत, दोघींनी धरून बाळ झोपवावं तशी ती माझ्या खोलीत भिंतीला टेकून ठेवली. शेजारच्या धुरपताबाईचं वावर रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर. तिनं पोत्यावर हात ठेवून सांगितलं, “रत्नमाला, तुह्या शब्दावर मी यंदा दुकानात पाय नाई ठेवत. हे उगवलं नाई तं माहं वावर पडीक राहीन बाई, ध्यानात ठेव.” रत्नमाला हसली, पण हसताना तिनं माझ्याकडे, म्हणजे माझ्यातून त्या वावराकडे पाहिलं. त्या नजरेतली भीती फक्त मला दिसली.

मग थंडी आली. आणि एका सकाळी मी घामाघूम होऊन उठले.

रत्नमालेनं मला पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओघळ माझ्यावरून खाली यायचे, चौकटीत साचायचे, तिथून भिंतीवर. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यानं मला पुसायची, फडकं पिळायची आणि त्याच खोलीतल्या दोरीवर वाळत घालायची. संध्याकाळपर्यंत फडकं वाळायचं आणि सकाळी तेच पाणी मला परत मिळायचं. मला हसू यायचं आणि रडूही यायचं, पण ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं. प्रसेनजितनं बोट फिरवून निदान केलं, की भंगारातली काच आहे, गळणारच. गळणार? मी? जिनं रिसोड रस्त्यावर खड्ड्याखड्ड्यांतून एवढे पावसाळे काढले आणि आत थेंब येऊ दिला नाही, ती मी? तो शब्द माझ्या फार जिव्हारी लागला.

भिंतीला काळे ठिपके पडू लागले. एक दिवस भागिरथानं खालच्या पोत्यातून चार दाणे काढले आणि दाताखाली धरले. वाळलेलं सोयाबीन दाताखाली कट्कन फुटतं. तिच्या दाताखाली ते दबलं, आवाज आला नाही. तिनं पोत्याला नाक लावलं. कुबट वास. तिनं ते दाणे सुनेच्या तळहातावर ठेवले. रत्नमालेनंही एक दाणा चावून पाहिला आणि मटकन पोत्याजवळ बसली. मित्रांनो, त्या दिवशी ती रडली. बाहेर कुणाला दिसू नये म्हणून माझ्याकडे पाठ करून रडली.

घरच्यांनी मग बियाणं वाचवायला कंबर कसली आणि जी करू नये तीच गोष्ट केली. बाहेरचं पाणी फटीतून येतं असं समजून प्रसेनजितनं माझ्या चारही कडांना पुट्टी भरली. मी सरकणारी काच, मला जागच्या जागी गाडून टाकलं. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. वरच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला. आता त्या खोलीत वारा शिरेल अशी सुईएवढी जागा उरली नाही. आणि आतून काय काय चालू होतं ते ऐका. गॅसवर अंघोळीचं पाणी, दोरीवर ओले कपडे, घरातल्या माणसांचे श्वास, आणि रोज संध्याकाळी तुरीच्या शेंगा.

तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि गोल बसून सोलत खायच्या, हे आमच्याकडचं हिवाळ्याचं सुख आहे. एरवी हे अंगणात चालतं. पण यंदा बायांचा जीव बियाण्यात अडकलेला. धुरपताबाई, चंपाबाई आणि गटातल्या बाकीच्या रोज संध्याकाळी पोती बघायला यायच्या आणि पोत्यांजवळच बसायच्या. मग रत्नमाला तिथेच शेगडी मांडून मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शेंगा चढवायची. दार लावा वं, गार वारा बियाण्याले लागीन, असं एकजण तरी म्हणायचीच. वाफ, ऊब, हसणं, बोलणं, सगळं त्या बंद खोलीत कोंडलं जायचं. ज्या बाया बियाण्याच्या काळजीनं येत होत्या, त्याच रोज त्याला थोडं थोडं भिजवून जात होत्या. बिचाऱ्या. आणि सकाळी दोषी मी.

माझ्यावरचे ओघळ आधी होते त्याहून दुप्पट झाले. शेवटी प्रसेनजितनं ग्यानबा मिस्तरीला सांगितलं, की उद्या सकाळी विटा घेऊन ये, ही खिडकी बुजवून टाकू, काच मोहनसिंगला परत देतो. मला ती बकरी आठवली. पण खरं सांगते, मला त्याहून जास्त भीती बियाण्याची वाटली. मी होते म्हणून घरात पाणी आहे हे निदान दिसत तरी होतं. मी गेले असते तर तेच पाणी भिंत गुपचूप प्याली असती आणि भिंतीकडून पोती प्याली असती.

त्या संध्याकाळी बाया नेहमीप्रमाणे जमल्या. गंज चढला, रत्नमालेनं त्यावर परात झाकली. तिचं लक्ष कशातच नव्हतं. शेंगा शिजल्यावर भागिरथानं परात उचलली आणि तिच्या खालच्या अंगावरून टपटप पाणी गळलं, चंपाबाईच्या पायावर. चंपाबाई पाय झटकत म्हणाली, की अगोबाई, परात फुटकी आहे का काय. भागिरथानं परात उलटी करून पाहिली. नवीकोरी परात, सगळ्या अंगाला थेंब.

रत्नमाला त्या थेंबांकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा परातीकडे. पुन्हा माझ्याकडे. मित्रांनो, मी एवढी वर्षं माणसांच्या नजरा पाहिल्या, पण कुणी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “परात तं फुटकी नाई न. मंग हे पानी कुठून आलं?”

“कुठून म्हंजे? शेंगायची वाफ हाय ते.”

“मंग त्या काचेवरचं?”

रत्नमाला उठली, तिनं माझ्यावरून बोट फिरवलं. बाहेर गेली, बाहेरच्या अंगानं माझ्यावरून बोट फिरवलं. बाहेरून मी कोरडी होते. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. तिनं सांगितलं, की पाणी बाहेरून येतच नाही, ते आपलंच आहे. आपली वाफ, आपला श्वास, आपले ओले कपडे. ही काच गार आहे म्हणून ते तिच्यावर दिसतं. आणि आपण तिलाच लिंपून बसलो. भागिरथानं कपाळावर हात मारला. “खरं हाय वं बाई. जुन्या घरात सारी वाफ कवेलूतून निघून जाय. म्हनून तं तिथं कदी असं झालं नाई. या स्लॅबले कुठून फट राह्यते?”

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. रत्नमालेनं कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि माझ्या कडांची पुट्टी खरवडायला लागली. धुरपताबाई म्हणाली, नवरा रागावेल. रत्नमाला खरवडतच राहिली. पुट्टीचे तुकडे खाली पडत होते, मी एकेका कडेनं मोकळी होत होते. तिनं दोन्ही तळहात माझ्यावर टेकवले आणि जोर लावला. मी अडले. पुन्हा जोर. आणि मी सरकले. खळखळ वाजत सरकले, चांगली हातभर. बाहेरचा गार, कोरडा वारा एकदम आत घुसला, दोरीवरचे कपडे उडाले, आणि गंजावरची सगळी वाफ माझ्यातून बाहेर पडली. बाया कुडकुडत पदर गुंडाळून घेऊ लागल्या, पण उठली एकही नाही. चंपाबाईनं झरोक्याचा पुठ्ठा ओढून काढला. दोघींनी गंज उचलून अंगणात तीन दगडांवर नेऊन ठेवला. भागिरथानं दोरीवरचे ओले कपडे बाहेर नेले आणि माझं ते लुगड्याचं फडकंसुद्धा. झोपताना रत्नमालेनं मला लोटलं, पण पूर्ण नाही. चार बोटं उघडं ठेवलं.

प्रसेनजित कामावरून आला तेव्हा हे सगळं बघून त्याचा पारा चढला. उद्या मिस्तरी येणार, आज तू खिडकी उघडून बसलीस, असं बरंच काही बोलला. रत्नमाला म्हणाली, सकाळपर्यंत थांबा. बस्स, एवढंच.

सकाळ झाली. ग्यानबा विटांची घमेली घेऊन दारात उभा होता. प्रसेनजित त्याच्याबरोबर आत आला, नेहमीप्रमाणे माझ्यावर बोट फिरवलं आणि थबकला. पुन्हा फिरवलं. मग सगळा तळहात फिरवला. मी कोरडी होते मित्रांनो. वरून खालपर्यंत, लाल अक्षरांपासून चौकटीच्या खाचेपर्यंत, कोरडी ठणठणीत. प्रसेनजितनं आपला मोठेपणा राखायला म्हटलं, की आज थंडी कमी असेल.

“थंडी कमी?” ग्यानबा हातातलं घमेलं खाली ठेवत म्हणाला. “माहे दात वाजून राह्यले सकायपासून, आन् तू म्हनतं थंडी कमी.”

रत्नमाला हसली नाही. तिनं त्याला परातीची गोष्ट सांगितली, पाणी कुठून येतं ते सांगितलं. प्रसेनजित ऐकत होता. त्याचा हात अजून माझ्यावरच होता, त्या उघड्या चार बोटांपाशी. आणि मला कळलं की त्याला आठवतं आहे. त्याचे डोळे माझ्या लाल अक्षरांवर गेले.

“दोन खिडक्या चार-चार बोटं उघडा,” तो हळूच म्हणाला. “माणिकराव डायव्हर रोज हेच तं सांगे. मी रोज उघडो ही काच. हीच काच. आन् मलेच नाई समजलं.” मग तो स्वतःवरच खदखदून हसला, आणि आपल्या बाहीनं मला पुसलं, पुसायला काही नव्हतं तरी.

ग्यानबानं विचारलं, मग या विटांचं काय करू, परत वाहून नेऊ? रत्नमालेनं त्या विटा जमिनीवर मांडून घेतल्या, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्या टाकल्या आणि सगळी पोती भिंतीपासून हात-हात दूर, फळ्यांवर चढवली. ज्या विटा मला गाडायला आल्या होत्या त्यांनीच बियाणं जमिनीवरून उचलून धरलं. खालचं जे पोतं बिघडलं होतं ते तिनं बाजूला काढलं, बाकीचं दुपारी हलक्या उन्हात पसरून पुन्हा भरलं. शेंगा त्या हिवाळ्यात अंगणातच उकडल्या. बाया येत होत्या, पण आता पोत्यांजवळ न बसता माझ्या बाहेरच्या बाजूला बसायच्या आणि माझ्यातून पोत्यांवर नजर ठेवायच्या.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. बी वरून कोरडं दिसतं, पण त्याच्या पोटातला जीव शाबूत आहे की नाही हे कोण सांगणार? भागिरथा अधूनमधून दाणा चावायची, तो कट्कन फुटायचा आणि रत्नमालेचा चेहरा जरा निवायचा. पण दाताचं सांगणं वेगळं आणि मातीचं वेगळं. उन्हाळा असाच धाकधुकीत गेला. जूनच्या तोंडावर तिनं गोणपाट ओलं केलं, प्रत्येक पोत्यातले थोडे थोडे मिळून शंभर दाणे त्यावर ओळीनं मांडले, गोणपाटाची गुंडाळी केली आणि माझ्याखाली सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचं. शंभरातले सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं, त्याहून कमी तर तिचा शब्द गेला.

गुंडाळी उघडायच्या दिवशी अख्खा गट खोलीत होता. ग्यानबाही कशाला तरी आल्यासारखा दारात उभा होता. रत्नमालेनं गोणपाटाचं एक टोक धरलं, भागिरथानं दुसरं. गुंडाळी उलगडत गेली. पांढरे, टपोरे कोंब. एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत. माझ्यातून येणाऱ्या उन्हात ते चमकत होते. धुरपताबाईनं मोजायला सुरुवात केली, मधेच तिचा आकडा चुकला, पुन्हा सुरुवात केली, आणि नव्वदीजवळ पोहोचल्यावर मोजणं सोडून तिनं रत्नमालेला घट्ट मिठी मारली. मग खोलीत जो गलका झाला तो मी आयुष्यात फक्त एकदा ऐकला होता, निकालात पास झालेली पोरं आमच्या गाडीनं परतत होती तेव्हा. रूपानं मला इकडून तिकडे इतकं जोरात सरकवलं की माझा खळखळाट रस्त्यापर्यंत गेला.

आता पेरण्या होऊन पंधरवडा झाला. तुम्ही माझ्यातून बघाल तर रस्त्यापलीकडे धुरपताबाईचं वावर दिसेल. हिरव्या ओळी, काठापासून काठापर्यंत, कुठे खंड नाही. आज सकाळी ती वावराकडे जाताना माझ्याजवळ थांबली, आतमध्ये हाक दिली, “रत्नमाला, पाह्य वं इकडं.” रत्नमालेनं मला सरकवलं. माझ्यावरच्या लाल अक्षरांना न जुमानता तिनं हात आणि डोकं दोन्ही बाहेर काढलं. धुरपताबाईनं ओल्या मातीसकट उपटलेलं एक छोटं रोप तिच्या हातावर ठेवलं, आणि पदराच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसून निघून गेली. ते रोप आता माझ्या कठड्यावर, चहाच्या कपात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणीतरी आहे. हिवाळ्याच्या सकाळी ती ओली दिसली तर तिला दोष देऊ नका, फटी बुजवू नका, नुसतं पुसून फडकं आतच वाळत घालू नका. घरात पाणी कोंडलं आहे, एवढंच ती तुम्हाला सांगत असते. स्वयंपाक करताना, अंघोळीचं पाणी तापताना तिला थोडी मोकळी करा. बाहेर गारठा असला तरी चार बोटं उघडा.

समोरून रिसोडची गाडी चालली आहे. तिच्या काचा नव्या, चकचकीत. त्यांना अजून बरंच शिकायचं आहे. मी आज दिवसभर उघडी आहे.